मन कुणापुढे उघडावं?

बऱ्याच दिवसांनी ब्लॉगवर येतेय. मधे घरची गडबड होती, मग नुसताच आळस. असो. आजचा विषय जरा जुना आहे आणि लेखही लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा :-)

निमित्त आत्याचं. आत्या सांगलीला असते, हे नातेवाईक मंडळींना माहीतच आहे. तिच्या सोसायटीतल्या चार-पाच जणी दोन-तीन वर्षांपासून एका महाराजांकडे जातात. (नाव-गाव सांगत नाही, उगाच वाद नको.) तिथला रिवाज असा की अनुग्रह हवा असेल तर आधी आयुष्यात जे जे चुकलं ते एका वहीत लिहायचं, नावानिशी, आणि वही तिथेच ठेवून यायची. यजमान गेल्यापासून आत्याच्या मनात काहीतरी साठून राहिलंय. तिला ते कुणाला तरी सांगायचंय. पण वहीपाशी तिचं पाऊल अडलं. फोनवर म्हणाली, "अगं, तू एवढं वाचत असतेस, मग सांग की. असं मन उघडावं का कुणापुढे? आणि उघडायचं तर तो माणूस ओळखायचा कसा?"

याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. म्हणून हा लेख. आत्या, प्रिंट काढून चिरंजीव देतीलच तुला.

हा प्रश्न जगात सगळ्यात चिकाटीने कुणी चघळला असेल, तर तो कॅथलिक चर्चने. त्यांच्याकडे मन उघडणं ही ऐच्छिक गोष्टच नाही, धर्माचा भाग आहे. आपण सिनेमात बघतो ते कन्फेशन: लाकडी खोका, जाळी, पलीकडे फादर. मराठी धार्मिक पुस्तकांत पापनिवेदन म्हणतात, गोव्याकडे कोंकणीत कुमसार. माणसानं आपली पापं धर्मगुरूला सांगायची, त्यानं प्रायश्चित्त द्यायचं आणि देवाच्या नावानं क्षमा जाहीर करायची. ऐकलेलं कुणालाही, कधीही सांगायचं नाही. माझी वसईची एक मैत्रीण आहे. ती म्हणते, ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात बाहेरगावचे फादर कन्फेशन ऐकायला आले की लोक त्यांच्याच रांगेत जास्त असतात. आपल्या गावच्या फादरना रोज बाजारात भेटायचं असतं ना!

हे ऐकून मला हसू आलं होतं. पण या साध्या सोयीमागे मोठा इतिहास आहे, हे नंतर वाचताना कळलं.

1215 साली रोममध्ये चर्चची एक मोठी परिषद भरली, चौथी लॅटरन परिषद. तिथे नियम झाला की जाणत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती माणसानं वर्षातून निदान एकदा पापनिवेदन केलंच पाहिजे, आणि तेही आपल्या स्वतःच्या गावच्या धर्मगुरूपाशी. दुसऱ्याकडे जायचं असेल तर आधी याची परवानगी काढायची. म्हणजे बघा, ज्याच्यापुढे तोंड उघडायची लाज वाटते, त्यालाच जाऊन सांगायचं की मला तुमच्यापुढे तोंड उघडायचं नाही! त्याच नियमात एक चांगली गोष्ट मात्र होती. कन्फेसर हा कसलेल्या वैद्यासारखा असावा, जखमेची नीट विचारपूस करून मग औषध लावणारा, असं त्यात म्हटलंय. आणि ऐकलेलं फोडणाऱ्याला पदावरून काढून जन्मभरासाठी मठात प्रायश्चित्ताला पाठवावं, अशी शिक्षाही ठरवली. वैद्याची ही उपमा लक्षात ठेवा, ती पुढे आपल्याकडेही भेटणार आहे.

पुढची दोन-अडीचशे वर्षं या सक्तीतून वाटा काढण्यात गेली. फिरस्त्या फ्रान्सिस्कन आणि डोमिनिकन साधूंना पापनिवेदन ऐकायचा अधिकार मिळाला आणि लोक गावचा धर्मगुरू सोडून त्यांच्याकडे जायला लागले. गावचे धर्मगुरू अर्थातच चिडले. पैसेवाल्यांना तर स्वतःचा कन्फेसर निवडायची परवानगी देणारी पत्रं मिळू लागली. गरिबाला गावचाच, श्रीमंताला हवा तो. हे सगळीकडे सारखंच, नाही का?

निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थानं ऐरणीवर आणला तो मात्र एका बाईनं, स्पेनमधल्या आविला गावच्या तेरेसानं (1515 ते 1582). ती कार्मेल पंथाची जोगीण. तिनं आत्मचरित्र लिहिलं तेही कन्फेसरांनी सांगितलं म्हणूनच. त्यात ती सरळ लिहिते की अर्धवट शिकलेल्या कन्फेसरांनी आपलं फार नुकसान केलं. चांगला विद्वान असेल तर त्यानं आपल्याला कधी फसवलं नाही. अजिबात न शिकलेला पण सरळ माणूस असेल तर त्यालाही आपल्या मर्यादा ठाऊक असतात, तो दुसऱ्याला विचारून सांगतो. घोटाळा करतात ते मधले. गंभीर गोष्टीला "काही नाही हो त्यात" म्हणून सोडून देणारे. मला हे वाचून आपल्याकडचे कितीतरी चेहरे आठवले.

तेरेसाला ध्यानात ख्रिस्ताची दर्शनं व्हायला लागली, तेव्हा एकानं तिला सांगितलं की हा सैतानाचा खेळ आहे, दर्शन झालं की बोटांत अंगठा धरून हिणवायची खूण कर. तिनं रडत रडत ते केलं. गुरूची आज्ञा ना! पुढे दोमिंगो बान्येस नावाच्या विद्वान डोमिनिकन साधूनं हे साफ चूक ठरवलं. तिनं नंतर आपल्या जोगिणींसाठी जे पुस्तक लिहिलं, त्यात तिचा आग्रह हाच की मठाला एकच एक कन्फेसर बांधून देऊ नका, बायकांना दुसऱ्या जाणत्या माणसाशी बोलायची मोकळीक ठेवा. त्याच सुमाराला, 1563 मध्ये, ट्रेंटच्या परिषदेनंही जोगिणींना वर्षातून दोन-तीनदा नेहमीपेक्षा वेगळा कन्फेसर मिळाला पाहिजे असं ठरवलं.

आणि आत्या, वहीचं म्हणशील तर तेरेसाच्या वहीची गोष्ट ऐक. तिच्या आत्मचरित्राचं हस्तलिखित एबोलीच्या राजकुमारीनं हट्टानं वाचायला मागून घेतलं. ही बाई मठांची आश्रयदाती, तिला नाही म्हणणार कोण? तिच्या वाड्यात ते नोकरचाकरांच्या हाती पडलं आणि त्याची टिंगल झाली. नंतर दोघींचं बिनसलं, तेव्हा राजकुमारीनं त्या पुस्तकाची तक्रार इन्क्विझिशनकडे, म्हणजे धर्मन्यायालयाकडे केली. हस्तलिखित तेरेसा मरेपर्यंत त्यांच्याच ताब्यात राहिलं. बोललेलं हवेत विरतं, लिहिलेलं कुणाच्या तरी कपाटात राहतं.

जाळीच्या खोक्याचा जन्मही याच काळातला. मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांनी 1577 मध्ये चर्चच्या बांधणीबद्दल सूचना काढल्या, त्यात मधे भोकांची जाळी असलेलं कन्फेशनचं आसन कसं असावं ते बारकाईनं सांगितलंय. कारण उघड आहे. बाई आणि धर्मगुरू गुडघ्याला गुडघा लावून एकांतात बसले की काय काय होऊ शकतं, हे चर्चला चांगलं ठाऊक होतं. कन्फेशनचा आडोसा घेऊन बायकांना नादी लावणाऱ्या धर्मगुरूंवर इन्क्विझिशन खटले चालवत असे. 1622 मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी त्याविरुद्धचा हुकूम सगळ्या कॅथलिक जगाला लागू केला. जाळी सगळीकडे पोचली, पण गुन्हे काही थांबले नाहीत. गेल्या काही दशकांत देशोदेशी चर्चमधली जी प्रकरणं बाहेर आली ती आपण वर्तमानपत्रांत वाचलीच आहेत.

यापुढचं नाव फ्रान्सिस द सेल्सचं. हा जिनिव्हाचा बिशप. 1609 मध्ये आलेलं त्याचं पुस्तक संसारी माणसांसाठी आहे, जोगी-जोगिणींसाठी नाही. त्यात तो म्हणतो की मार्गदर्शक हजारात एक निवडावा असं योहान आविलाकर सांगून गेले, मी म्हणतो दहा हजारांत एक! प्रेम, विद्या आणि शहाणपण या तीनही गोष्टी त्याच्यात हव्यात, एक जरी कमी असली तरी धोका.

आता जरा सनावळी बघा. फ्रान्सिसचं पुस्तक 1609 चं. रामदासांचा जन्म 1608 चा. 1616 मध्ये गोव्यात रायतूरला फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, चांगल्या ओवीबद्ध मराठीत. ही सगळी माणसं एकाच काळातली. त्यांचा एकमेकांशी काही संबंध आला असं मला अजिबात सुचवायचं नाही. पण प्रश्न तोच होता, आणि तो कृष्णाकाठीही विचारला जात होता.

आपल्याकडे पापनिवेदन नव्हतं असं नाही. धर्मशास्त्रात पाप उघड सांगणं हा प्रायश्चित्ताचाच भाग आहे. मात्र ते सांगायचं परिषदेपुढे, म्हणजे जमलेल्या विद्वान ब्राह्मणांपुढे. वाई, कऱ्हाड ही आपल्या भागातली शास्त्र्यांची गावं, तिथल्या ब्रह्मवृंदाकडून असे निर्णय मागवले जात. त्यात गुप्तता कुठली? उलट चारचौघांत होणं हेच महत्त्वाचं, कारण प्रश्न पंक्तीला घ्यायचं की नाही हा असे. मनातलं सांगायचं म्हणजे खासगी, रात्री झोप येऊ न देणारं, ते त्या परिषदेपुढे कोण सांगणार? आणि बायकांचं तर बोलायलाच नको. त्यासाठी माणसं गुरूकडे जात. पण गुरूही बहुतेकदा ठरलेलाच, कुळाचा. बाप ज्याचा मंत्र घेणार त्याच्याच मुलाचा मुलगा घेणार. लॅटरनचा नियम आपल्याकडे न लिहिता चालू होता म्हणा ना.

या पार्श्वभूमीवर दासबोधाचा पाचवा दशक पुन्हा वाचून बघा. माझं सासर साताऱ्याचं, घरात दासबोधाचं पारायण वर्षानुवर्षं चालत आलंय, त्यामुळे कानावरून शंभरदा गेलेला. पण पारायणात अर्थाकडे लक्ष कुठे असतं? दुसरा समास गुरुलक्षणाचा. मला वाटायचं त्यात गुरूची स्तुती असणार. प्रत्यक्षात समर्थ निम्म्याहून जास्त वेळ कुणाला गुरू मानू नये हेच सांगतायत. चमत्कार दाखवणारे, मंत्र-तंत्र शिकवणारे, कुळाचे, जातीचे, सगळ्यांना ते व्यवहारातले गुरू म्हणून एका बाजूला काढतात. शिष्याला आवडेल तेवढंच बोलणारा नको. शिष्याकडून साधना करून न घेणारे, इंद्रियांना आवर घालायला न लावणारे गुरू अडक्याला तीन मिळाले तरी टाकून द्यावेत, असं ते म्हणतात. (अडका म्हणजे अगदी क्षुल्लक नाणं. मंडईतल्या भावासारखं गुरूचं मोल केलंय!) आणि तिथेच तो वैद्य येतो. रोग्याची वाट लावून वर भिडेनं गोड बोलत बसणारा वैद्य. तसा गुरू नसावा.

भीड हा शब्द फार नेमका आहे. गुरू शिष्याच्या भिडेला पडतो कारण शिष्य पैसा देतो, मान देतो, गर्दी जमवतो. शिष्य गुरूच्या भिडेला पडतो कारण आता उठून कसं जायचं, लोक काय म्हणतील. तेरेसाचे अर्धवट कन्फेसर आणि समर्थांचा भिडस्त वैद्य, दोघांची जात एकच. माणसाला बरं वाटावं म्हणून त्याचं खरं दुखणं झाकणारे. पुढच्याच समासात समर्थ शिष्याची लक्षणं सांगतात, तेही बरोबरच आहे. औषध न घेणाऱ्याला वैद्य काय करणार?

हे सगळं समर्थांनी नुसतं लिहिलं की वागूनही दाखवलं? इथे मला दोन बायकांबद्दल सांगायचंय. दोघीही त्याच काळातल्या, याच मुलखातल्या म्हणता येतील अशा.

पहिली संत बहिणाबाई. (खानदेशच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, त्या विसाव्या शतकातल्या.) हिनं आपली कथा स्वतः अभंगांत सांगितलीय, आणि त्या भागाला आत्मनिवेदनच म्हणतात. लहान वयात मोठ्या नवऱ्याशी लग्न, फिरत फिरत कुटुंब कोल्हापूरला आलं. तिथे जयरामस्वामींची कीर्तनं व्हायची. हे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातल्या वडगावचे, अजूनही त्या गावाला वडगाव जयरामस्वामी म्हणतात. कीर्तनात तिनं तुकोबांचे अभंग ऐकले आणि मनानं ठरवलं की गुरू हाच. ती ब्राह्मणाची बायको, तुकोबा कुणबी वाणी. नवरा वेदपाठी. त्यानं तिला मारलं, बांधून घातलं. जयरामस्वामींनी मधे पडून समजूत घातली असं ती सांगते. तुकोबांची भेट तिला आधी स्वप्नात झाली, नंतर नवऱ्याचंच मन वळलं आणि दोघं देहूला गेली.

देहूत काय झालं ते जास्त बोलकं आहे. तिथे मंबाजी गोसावी नावाचे गृहस्थ होते. त्यांनी या जोडप्याला माझा उपदेश घ्या म्हणून सांगितलं. आमचे गुरू तुकोबा आहेत, असं उत्तर मिळाल्यावर ते भडकले, शूद्र कसा गुरू होईल म्हणून, आणि पुढे त्यांनी यांना खूप छळलं. एक गुरू होता ज्यानं तिला बोलावलंसुद्धा नव्हतं, आणि दुसरा होता ज्याला ती आपल्याकडे आलीच पाहिजे असं वाटत होतं. फ्रान्सिसच्या तीन कसोट्या लावायचीही गरज नाही इथे.

दुसरी वेणाबाई, मिरजेची. माझं माहेर मिरजेचं, त्यामुळे थोडा पक्षपात धरून चला. लहानपणी आजी वेणास्वामींच्या मठात घेऊन जायची तेव्हा मला एवढंच कळायचं की हा एका बाईचा मठ आहे आणि बाईला स्वामी म्हणतात. मिरज तेव्हा आदिलशाहीत. वेणाबाई बालविधवा, सासरी राहिलेली, वाचता येणारी. परंपरा सांगते की ती तुळशीपाशी एकनाथी भागवत वाचत बसलेली असताना रामदास भिक्षेला आले. समजतं का वाचतेस ते, असं त्यांनी विचारलं. तिनं उलट शंका विचारायला सुरुवात केली, एकामागून एक. मला ही गोष्ट याचसाठी आवडते. तिथे कुणी कुणाच्या पायावर लोळण घेतलेली नाही. तिनं आधी प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली, आणि मग ठरवलं.

पुढचं अपेक्षितच. तरुण विधवा एका गोसाव्याच्या कीर्तनाला जाते म्हटल्यावर गावानं तोंड सोडलं. कथेत तर घरच्यांनी अब्रूसाठी तिला विष दिलं आणि समर्थकृपेनं ती वाचली असं येतं. चमत्कार बाजूला ठेवा. विधवेनं आपला मार्गदर्शक आपण निवडणं ही विष देण्याइतकी मोठी गोष्ट त्या समाजाला वाटू शकत होती, एवढं ती कथा सांगणाऱ्यांना ठाऊक होतं.

मग समर्थांनी काय केलं? जाळी नव्हती, पण तिच्या जागी दुसरं काहीतरी होतं. जे काही शिकवणं ते उघड्यावर, सगळ्या शिष्यमंडळीत. आणि त्यांनी वेणाबाईला उभं राहून कीर्तन करायची मुभा दिली. बाईनं उभ्यानं कीर्तन करायचं, सतराव्या शतकात! कऱ्हाडची अक्काही अशीच बालविधवा. समर्थांच्या पश्चात सज्जनगडाचा कारभार तिनं दिवाकर गोसाव्यांबरोबर सांभाळला. आपल्या भागात अकरा मारुती फिरणारे पुष्कळ आहेत (सात सातारा जिल्ह्यात, दोन सांगलीत, दोन कोल्हापुरात), पण समर्थांनी या दोन बायकांच्या हातात काय सोपवलं त्याची आठवण काढणारे त्या मानानं थोडे. मारुतीचे फोटो छान येतात, हेही खरं :-)

साताऱ्यानं या गोष्टीची दुसरी बाजूही बघितलीय. डॉ. नरेंद्र दाभोलकर इथलेच. 1989 मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली आणि पुढची चोवीस वर्षं बाबा-महाराजांच्या दारात जाऊन प्रश्न विचारले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. अलौकिक शक्तीचा दावा करून बायकांचं लैंगिक शोषण करणं त्यात गुन्हा आहे. घरातल्या काही मंडळींना दाभोलकर आणि समर्थ एका लेखात आलेले आवडणार नाहीत, ठाऊक आहे मला. पण खोटा गुरू टाकून द्या हे दोघांनीही सांगितलं. खरा गुरू असतो का, यावर त्यांचं पटलं नसतं, तो वाद वेगळा.

परत चर्चकडे येते, कारण त्यांच्या आजच्या नियमांत मला सगळ्यात उपयोगी गोष्ट सापडली. 1983 च्या त्यांच्या कायदेसंहितेत कुणाही श्रद्धाळू माणसाला आपल्या पसंतीच्या कोणत्याही अधिकृत कन्फेसरकडे जायची मोकळीक स्पष्ट लिहिलीय. 1215 च्या सक्तीपासून इथवर यायला साडेसातशे वर्षं लागली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जो वरिष्ठ आहे त्यानं आपल्या हाताखालच्यांचं पापनिवेदन ऐकू नये, त्यांनी आपणहून मागितलं तरच ऐकावं. सेमिनरीच्या प्रमुखानं तिथे राहणाऱ्या विद्यार्थ्यांचं ऐकू नये. आणि ऐकलेल्या गोष्टीचा उपयोग कारभारात, कुणाला वर-खाली करण्यात, मुळीच करायचा नाही. थोडक्यात, ज्याच्या हातात तुमचं बरंवाईट आहे त्याच्या हातात तुमचं गुपित नको. आठशे वर्षांत जे पोळले त्यांच्या अनुभवातून हे आलंय. नियम पाळले गेले नाहीत ते वेगळं, पण नियम काय असावा हे तरी त्यांना कळलं. आपल्या मठ-आश्रमांत असा लेखी नियम मी तरी कुठे वाचलेला नाही.

तर आत्या, माझ्यापुरतं उत्तर असं. मन उघडावं, जरूर उघडावं. तुझ्या मनात जे आहे ते आत ठेवून तू आजारी पडशील. पण वही देऊ नकोस. त्या महाराजांकडे अजून एकदा जा आणि वेणाबाईसारखे प्रश्न विचार. वही कुठे ठेवता? कोण वाचतं? मी पुढच्या वर्षी यायचं बंद केलं तर मला ती परत मिळेल का? त्यांची उत्तरं ऐकण्यापेक्षा प्रश्न विचारल्यावर त्यांचा चेहरा कसा होतो ते बघ. मंबाजी लगेच ओळखू येतो. आणि तुझ्या सोसायटीतल्या त्या चौघींपैकी कुणी जायचं थांबवलं असेल, तर तिच्याबद्दल तिथे काय बोललं जातं तेही कान देऊन ऐक. तुझं मन हलकं करायला महाराजच लागतात असंही नाही. हरिपूरला संगमावर जाऊन तुझ्या जुन्या मैत्रिणीजवळ बोललीस तरी मला चालेल. तिला पन्नास वर्षं ओळखतेस, आणि तिनं तुझं एकही गुपित आजवर फोडलेलं नाही.

वेणाबाईचं थोडं राहिलं. समर्थांनी तिला जवळ ठेवून घेतलं नाही. मिरजेला मठ दिला आणि मठपती म्हणून तिथेच पाठवलं. ज्या गावानं तिला नावं ठेवली, त्याच गावात. तिथे ती कीर्तन करायची, लोकांना अनुग्रह द्यायची, लिहायची. सीतास्वयंवर हे तिचं काव्य आजही वाचलं जातं. ज्या बायकांना आपल्या मनातलं कुणाला सांगता येत नव्हतं, त्यांना मिरजेत आता एक बाई मिळाली होती. 1678 मध्ये ती सज्जनगडावर गेली, समर्थांपुढे कीर्तन केलं आणि तिथेच देह ठेवला. तिचं वृंदावन गडावर आहे. मठ मिरजेत अजून उभा आहे, आणि आजी म्हणायची तेच नाव अजून चालतं: वेणास्वामींचा.